कोरोनाच्या काळात एसटी कर्मचारी आणि त्यांच्या संघटनांनी कसं निभावलं?

तुमचा प्रश्न असा की लॉकडाऊनमध्ये एसटीचे चालक-वाहक नेमकं करत काय होते, आणि गाड्या आधीच उभ्या असताना संघटनेचा उपयोग तो काय, संप तरी कशाचा करणार? यातला टोमणा समजला, पण प्रश्न रास्त आहे. मी साथीच्या आधीच वाहक म्हणून निवृत्त झालो. स्टँडजवळच्या संघटनेच्या खोलीत अर्ज-विनंत्या लिहून द्यायला अजूनही बसतो, त्यामुळे त्या दिवसांतले बरेच कागद हाताखालून गेले आहेत.

सगळ्या गाड्या उभ्या नव्हत्या, हे आधी सांगतो. मार्च २०२० मध्ये लोकल बंद झाली आणि वसई-विरार, कल्याण, पनवेलकडच्या नर्स, पोलीस, सफाई कामगारांना मुंबईत पोहोचवायचं काम बेस्ट आणि एसटीवर येऊन पडलं. एप्रिलच्या शेवटी धुळ्याहून सत्तरेक गाड्या राजस्थानात कोट्याला गेल्या आणि अडकलेले विद्यार्थी घेऊन आल्या. मे महिन्यात परप्रांतीय मजुरांना राज्याच्या हद्दीपर्यंत सोडलं.

चालकाच्या मागे प्लास्टिकचा पडदा तरी लावता येतो. वाहकाचं काय? नोट घ्या, सुटे द्या, मशीनची बटणं दाबा, तिकीट हातात द्या, असं दिवसभर. त्यात नोटा मोजताना बोट जिभेला लावायची सवय, ती आमच्या पिढीला होती तशी नव्या पोरांनाही होती. माझा भाचा वाहक आहे. त्याने कॅशच्या बॅगेत ओल्या स्पंजची डबी ठेवायला सुरुवात केली. सुटे पैसे तो प्रवाशाच्या हातात न देता सीटच्या कडेला ठेवायचा, त्यावरून म्हातारी माणसं चिडायची. पुढे तीच माणसं सांगायला लागली, "ठेव बाबा तिथंच."

आता संघटनेचं. मोर्चा काढायला बंदी, गेट मीटिंगला माणसं जमवायची नाहीत. मग उरलं काय? टी-९ चा तक्ता. कोणाला कुठली ड्युटी लागते ते त्यावर ठरतं. पन्नाशीच्या पुढचे, शुगर-बीपीवाले मुंबईला पाठवू नका, त्याच त्याच चार जणांना पुन्हा पुन्हा पाठवू नका, ड्युटी नाही म्हणून घरी बसलेल्याची रजा कापू नका, अशी भांडणं रोजची. फोनवर, व्हॉट्सॲपवर, कधी आगार व्यवस्थापकांच्या खिडकीबाहेर उभं राहून. यात नाव होत नाही, पण खरं काम हेच होतं.

सगळ्यात महत्त्वाची मागणी होती लेखी आदेशाची. बाहेरच्याला हे क्षुल्लक वाटेल. २९ मे २०२० ला राज्य सरकारने कोविड ड्युटीवर मरण पावलेल्या कर्मचाऱ्याच्या वारसाला ५० लाख रुपये देण्याचा निर्णय काढला. त्यात अट अशी, की दवाखान्यात दाखल होण्याच्या किंवा मृत्यूच्या आधीच्या चौदा दिवसांत माणूस अशा ड्युटीवर असला पाहिजे, आणि तसा दाखला पाहिजे. एसटीत तर "उद्या पाचला ये" एवढं तोंडी सांगितलं की चालक पाचच्या आधी हजर. साधी प्रवासी फेरी मारताना लागण झाली तर ती कोविड ड्युटी धरायची की नाही, यावर फायली अडकल्या. म्हणून आम्ही प्रत्येकाला सांगायचो: कामगिरीचा कागद घे, नाही मिळाला तर तक्त्याचा मोबाइलवर फोटो काढ, आणि तो घरच्यांना पाठव. शेवटचं वाक्य बोलायला जड जायचं.

ऑक्टोबर २०२० मध्ये बेस्टच्या मदतीला बाहेरच्या विभागांतून गाड्या आणि माणसं मुंबईत गेली. सांगली विभागातले शंभरावर कर्मचारी तिथून परतल्यावर बाधित निघाले. तेव्हा राहण्या-जेवणाची सोय आणि परतल्यावर तपासणी हे विषय एकदम वर आले. मुंबईत ड्युटी द्यायला कोणाची ना नव्हती, पण एकेका खोलीत माणसं कोंबू नका हे म्हणणं चूक कसं?

जुळवून घेणं म्हणाल तर मालवाहतूक. जुन्या गाड्यांच्या सीट काढल्या, खिडक्यांना पत्रे मारले, आणि २०२० च्या मे महिन्यात पहिला माल गेला तो रत्नागिरीहून बोरिवलीला, आंब्याचा. ज्यांनी आयुष्यभर प्रवासी नेले ते चालक मार्केट यार्डात भाड्याची चौकशी करत फिरले. पण मालाला तिकीट लागत नाही. त्यामुळे या युक्तीत वाहकाला जागा नव्हती, हे कौतुक करणाऱ्यांच्या लक्षात आलं नाही.

पण पैसा उभा राहिला नाही. साथीआधी एसटीला रोज साधारण २२ कोटी मिळायचे आणि पगार त्या तिकिटांतूनच व्हायचे. २० ऑगस्टला जिल्ह्याबाहेरच्या फेऱ्या सुरू झाल्या, १८ सप्टेंबरपासून पूर्ण आसनांनी गाड्या धावल्या, तरी दिवाळीच्या तोंडावर तीन महिन्यांचे पगार थकलेले. नोव्हेंबरमध्ये जळगाव आणि रत्नागिरीत कर्मचाऱ्यांनी आत्महत्या केल्या, त्यानंतर सरकारने पैसे सोडले.

माझ्या मते संघटनांची पत इथेच गेली. आगारातला सचिव ड्युटी बदलून आणू शकत होता, पगार नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये संघटनांच्या कृती समितीने उपोषण केलं, महागाई भत्ता आणि घरभाडं पदरात पाडून घेतलं आणि आंदोलन मागे घेतलं. कर्मचारी ऐकेनात. त्यांना राज्य शासनात विलीनीकरण हवं होतं. संप न म्हणता, जीव दिलेल्या सहकाऱ्यांचा "दुखवटा" म्हणत त्यांनी आगारं बंद ठेवली, ती हायकोर्टाने २२ एप्रिल २०२२ पर्यंत कामावर यायला सांगेपर्यंत. काही आगारांत आमच्याच जुन्या पुढाऱ्यांना मंडपात येऊ दिलं नाही. मला त्याचं वाईट वाटलं, आश्चर्य मात्र नाही.

विलीनीकरण मिळालं नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये मूळ पगारात अडीच ते पाच हजारांची वाढ जाहीर झाली आणि दर महिन्याच्या १० तारखेच्या आत पगार देण्याचं आश्वासन मिळालं. आजही खोलीवर जो कोणी येतो तो अर्जाचा विषय सांगायच्या आधी विचारतो, "यंदा पगार दहाच्या आत होणार ना?"