विंडोज ९८ मध्ये आवाज येतो, डॉसच्या गेममध्ये येत नाही. कार्ड गेलं का?

कोपरखैरण्याच्या घरी जुनं पेंटियम आहे, त्यात सीटी२९४० क्रमांकाचं साउंड ब्लास्टर १६. विंडोज ९८ मध्ये गाणी नीट वाजतात, पण एफ८ दाबून थेट डॉसमध्ये गेलं की गेम 'साउंड कार्ड सापडलं नाही' म्हणतो. तर कार्डावरचे कपॅसिटर बदलू का, असं तुम्ही विचारलंय. नका बदलू. विंडोजमध्ये आवाज स्वच्छ येतोय म्हणजे कार्ड ठणठणीत आहे.

तुमचं कार्ड प्लग अँड प्ले आहे. १९९२ च्या पहिल्या साउंड ब्लास्टर १६ वर पोर्टचा पत्ता, म्हणजे प्रोग्रॅम ज्या क्रमांकावर कार्डाशी बोलतो तो, जंपरने (पिनांवर बसवायच्या छोट्या टोपीने) ठरायचा. यावर तो सॉफ्टवेअरने द्यावा लागतो. विंडोज तो देतं, डॉस देत नाही. म्हणून कार्ड स्लॉटमध्ये असून नसल्यासारखं.

खात्री करायची तर डॉसमध्ये डीबग हा छोटा प्रोग्रॅम सुरू करा. हायफन दिसला की इंग्रजी अक्षरांत ओ २२६ १, मग ओ २२६ ०, मग आय २२ए असं टाइप करा, दर ओळीनंतर एंटर. उत्तरात एए आलं तर कार्ड २२० वर जागं आहे. एफएफ आलं तर त्या पत्त्यावर कुणी राहतच नाही. तुमच्याकडे बहुधा एफएफच येईल. बाहेर पडायला क्यू.

आता उपाय. कार्ड बनवणाऱ्या क्रिएटिव्हचं स्वतःचं सीटीसीएम चालतं, पण यूनिसाउंड नावाचा छोटा मोफत प्रोग्रॅम जास्त सोपा: कार्डाला पत्ता देतो आणि बाजूला होतो, मेमरी अडवत नाही. मशीन सुरू होताना आपोआप चालणाऱ्या ऑटोएक्झेक फाइलमध्ये दोन ओळी घाला, याच क्रमाने. पहिली, इंग्रजी अक्षरांत: सेट ब्लास्टर=ए२२० आय५ डी१ एच५ पी३३० टी६. दुसरी, यूनिसाउंडचा पूर्ण पाथ. 'ब्लास्टर' आणि बरोबरच्या चिन्हामध्ये स्पेस सोडू नका; डॉस ती स्पेस नावाचाच भाग धरतं आणि मग गेमला ब्लास्टर सापडत नाही. ही चूक डोळ्यांना दिसत नाही, म्हणून फार वेळ खाते.

ए म्हणजे पोर्ट, आय म्हणजे इंटरप्ट (कार्ड प्रोसेसरला हाक मारतं ती लाइन), डी ८ बिटांचा डीएमए (मेमरीतून आवाज थेट कार्डाकडे नेणारा मार्ग), एच १६ बिटांचा, पी मिडीचा (बाहेरच्या वाद्यांशी जोडणीचा) पोर्ट, टी कार्डाचा प्रकार. हे कळलं की लक्षणांवरून दोष ओळखता येतो. संगीत वाजतं पण गोळीबार, दारं, माणसांचे आवाज गायब? संगीत वाजवणाऱ्या एफएम चिपला इंटरप्ट किंवा डीएमए लागत नाही, इफेक्टना दोन्ही लागतात. तेव्हा आय आणि डी तपासा. पहिल्या आवाजाचा तुकडा पुन्हा पुन्हा वाजत राहिला किंवा मशीन अडकलं, तर इंटरप्टवरच संशय घ्या. जुने गेम चालतात, १६ बिट आवाजाचे गप्प? एच.

इंटरप्ट ५ बऱ्याचदा पीसीआय नेटवर्क कार्डाने पळवलेला असतो. बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) पीएनपी/पीसीआयच्या पानावर ५ हा लेगसी आयएसए करून, म्हणजे तुमच्यासारख्या जुन्या स्लॉटच्या कार्डासाठी राखून, ठेवा, नाहीतर नेटवर्क कार्डाचा स्लॉट बदला. ७ घेऊ नका, तो प्रिंटर पोर्टचा. प्रिंटर पोर्ट ईसीपी या वेगवान पद्धतीवर असेल तर साधी एसपीपी करा, कारण ईसीपी एक डीएमए वापरतं. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्येही कार्डाचे आकडे हेच ठेवा, म्हणजे विंडोजमधून डॉसमध्ये उतरताना घोळ होत नाही.

एकच गोष्ट हार्डवेअरची. खाडीकाठच्या दमट हवेत आयएसए स्लॉटचे संपर्क काळवंडतात. पावसाळ्यात कार्ड कधी सापडतं, कधी नाही, त्यामागे बहुतेक हेच असतं. वीज काढून कार्ड बाहेर घ्या, सोनेरी पट्ट्या ९९ टक्के आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसा. खोडरबर अगदी हलक्या हाताने, मुलामा पातळ असतो. अल्कोहोल जवळपास मिळालं नाही तर मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात मिळेल. पूर्ण वाळल्यावरच कार्ड बसवा आणि त्याच्या धातूच्या पट्टीचा स्क्रू आवळा. स्क्रू नसेल तर ऑडिओची पिन ओढताना कार्डाचं मागचं टोक उचललं जातं.

स्वतःचा अ‍ॅम्प्लिफायर असलेले स्पीकर लाइन आउटलाच लावा. स्पीकर आउटला लावले तर कार्डावरच्या अ‍ॅम्प्लिफायरची खरखर आणखी मोठी होऊन ऐकू येते. आणि सगळं जमूनही एखाद्या सीडीवरच्या गेममध्ये फक्त संगीतच नसेल, तर सीडी ड्राइव्हच्या मागून कार्डाच्या सीडी इनपर्यंत जाणारी बारीक चार पिनची ऑडिओ वायर आहे का ते बघा.