वेताळाचं मूळ पान मराठीत असेल का?

मागच्या अंकात कॉमिक्सच्या मूळ चित्रांबद्दल, म्हणजे छापायच्या आधी चित्रकाराने जाड कागदावर हाताने शाईत काढलेल्या पानांबद्दल, मी दोन ओळी लिहिल्या आणि इतकी पत्रं आली की टेबलावर जागा उरली नाही, फोंडा, मडगाव, डिचोली, एक तर पार काणकोणहून. सगळ्यांना इथे उत्तर देणं शक्य नाही म्हणून तीनच घेतलीत, त्यातल्या पहिल्याला जास्त जागा देतेय कारण तिथे पैसे जायची वेळ आलीय.

प्रश्न: नमस्कार ताई. वय ५४, फोंड्याला राहतो. लहानपणी मे महिन्यात आम्ही सगळी भावंडं साखळीला आजोळी जायचो, तिथे मामाची पत्र्याची ट्रंक होती आणि ट्रंकेत मराठी इंद्रजाल कॉमिक्स, त्यांचा नायक वेताळ. वेताळ म्हटलं की आजीला आमोण्याचा देव वेताळच आठवायचा, ती म्हणायची "देवाचें नांव आसा ताचेर, सकयल दवरूं नाका", आणि आम्ही जमिनीवर ठेवलेलं पुस्तक ती स्वतः उचलून खाटेवर ठेवायची. मामा गेला, ट्रंक एका पावसात भिजली, सगळा लगदा झाला. आता ऑनलाइन एकजण मराठी इंद्रजालचं "ओरिजिनल हँडमेड पान" विकतोय, रंगीत आहे, संवादांचे फुगे मराठीत आहेत, ४५ हजार म्हणतो आणि दहा हजार ॲडव्हान्स मागतो. घरात यावरून दोनदा वाद झाला. घेऊ का?

उत्तर: दादा, आधी ते दहा हजार थांबवा, मग पुढचं वाचा.

तुमचा वेताळ म्हणजे ली फॉक यांचा फँटम. तो १७ फेब्रुवारी १९३६ ला अमेरिकेतल्या वर्तमानपत्रात सुरू झाला, पुस्तक म्हणून नव्हे, रोजच्या पट्टीच्या रूपात, एका दिवसाला दोन-तीन-चार चौकटी आणि बाकी उद्या. आधी रे मूर काढायचे, मग विल्सन मकॉय, आणि १९६१ पासून १९९४ पर्यंत साय बॅरी, म्हणजे तुमच्या वयाच्या मुलांनी ट्रंकेतून काढून वाचलेला वेताळ बहुतेक बॅरींच्या हातचा. टाइम्स ऑफ इंडियाने १९६४ मध्ये इंद्रजाल सुरू केलं ते या पट्ट्या घेऊन, त्या कापून, वरखाली लावून, पुस्तकाच्या पानात बसवून. मजकूरही इथल्यासाठी बदलला, मूळ बेंगाला देशाचं आपल्याकडे डेंकाली झालं ते तसंच.

आता विचार करा, चित्रकाराने अमेरिकेत काय काढलं? एक लांबट पट्टी. इंद्रजालचं पान असं त्याच्या टेबलावर कधी नव्हतंच, ते इथे जुळवून झालं. रोजच्या पट्टीचं मूळ चित्र काळ्या शाईचं असतं, रंग नाही. आणि फुग्यात इंग्रजी, कारण मराठी अक्षरं आली ती फार नंतर, इथे, छापायच्या तयारीत. तेव्हा रंगीत, मराठी फुग्यांचं, वेताळाचं अख्खं हाताने काढलेलं पान जर कोणी विकत असेल तर ते कोणीतरी छापील अंकावरून उतरवलेलं असणार, किंवा चक्क कॉम्प्युटरवरून काढलेली प्रिंट. कोणी प्रेमाने नक्कल काढली आणि नक्कल म्हणूनच विकली तर माझी हरकत नाही, त्या हाताच्या कष्टाचे पैसे द्यावेत, पण ४५ हजार नक्कलेचे होत नाहीत.

इंद्रजालमध्ये मूळ इथलं काहीच नाही असंही नाही हं. कव्हरं भारतात रंगवली जायची, गोविंद ब्राह्मणिया यांची कव्हरं तुम्ही नक्की पाहिली असणार, नाव माहीत नसेल एवढंच. आणि बहादूर, इंद्रजालचा दुसरा नायक, तो तर इथलाच, आबिद सुरतींनी १९७६ मध्ये आणला आणि चित्रं ब्राह्मणियांचीच. म्हणजे कव्हरचं रंगवलेलं चित्र किंवा बहादूरचं शाईचं पान कुणाकडे असू शकतं. तसं काही समोर आलं तर फोटोवर भागवू नका. चित्र एका बाजूने तिरका उजेड टाकून बघा, शाई कागदावर किंचित उठलेली दिसते, ब्रशच्या रेघेला जाडबारीकपणा असतो, खाली पुसलेल्या पेन्सिलीच्या खुणा राहतात, चूक झाली तिथे पांढरा रंग लावलेला असतो. दहा रुपयांच्या भिंगातून बघितलं आणि रंगात बारीक बारीक ठिपके दिसले की समजायचं हे छापलेलं. मागची बाजू मागाच, मागे शिक्के, पान नंबर, कुणाची तरी घाईतली सूचना असं काहीबाही असतं. आणि मूळ चित्र छापील पानापेक्षा मोठं असतं, अमेरिकन कॉमिक बुकांत १९६७ च्या सुमारानंतर साधारण ११ बाय १७ इंचाचा बोर्ड वापरायची पद्धत झाली, त्याआधी त्याहूनही मोठा. बरोबर अंकाच्याच मापाचं "ओरिजिनल" असेल तर शंका घ्या.

माझ्याकडे एकच पान आहे, एका मुलांच्या मासिकासाठी काढलेलं, चित्रकाराची सही नाही, कोण ते मला आजवर कळलं नाही. गोष्ट साधी आहे, एक मुलगी विहिरीत वाकून बघतेय. पण तिच्या हातावर पांढरा रंग तीनदा चढवलाय, बोटं जमली नव्हती त्यांना, तीनदा परत काढली, आणि छापील अंकात ती बोटं इतकी सहज दिसतात की नऊ वर्षांची मी तिथे कधी थांबलेसुद्धा नव्हते. ते पान हातात घेतलं त्या दिवशी मला त्या अनोळखी माणसाबद्दल जे वाटलं ते माझ्या लहानपणाबद्दल नव्हतं, त्याच्या बोटांबद्दल होतं. मूळ चित्र हे देतं, आणि हे फार मोठं आहे. पण माझी शाळा सुटल्यावरची दुपार, ओट्यावरची गार लादी, ते सगळं त्या स्वस्त छापील अंकातच राहिलं.

म्हणून दादा तुमच्या बाबतीत मी क्रम उलटा लावीन. आजीने खाटेवर उचलून ठेवला तो अंक आधी शोधा, मराठी, छापील. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात जुनी पुस्तकं घेऊन बसणाऱ्यांना सांगून ठेवा, पुण्या-मुंबईत जुन्या पुस्तकांचे व्यापारी आहेत, पान फाटकं असलं तरी घ्या पण मधलं पान गायब नाही ना ते मोजून घ्या. इंद्रजाल १९९० मध्ये बंद झालं, अंक शेकड्यांनी निघाले होते, मिळतात. तो हाती आला की मग त्याच गोष्टीची मूळ पट्टी शोधता येते, साय बॅरींच्या रोजच्या पट्ट्या अमेरिकेतल्या लिलावांत येत असतात. फुगे इंग्रजी असतील, बेंगाला असेल, कुरिअर आणि कस्टमचा खर्च वर धरावा लागेल, पण ती खरी असेल, आणि समजा त्यात तुम्हाला आठवणारी वेताळाची कवटीची गुहा आली तर ते पैसे मी वाया गेले म्हणणार नाही. वहिनींना हा सगळा मजकूर वाचायला द्या, बोलणी करताना त्यांनाही बसवा.

प्रश्न: मी मडगावची. वडिलांना त्यांच्या एका मित्राने व्यंगचित्रकार मारिओ मिरांडांचं एक चित्र दिलं होतं, बाजारातली गर्दी, कोपऱ्यात पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलवर, लहानपणी मी त्यातली माणसं मोजत बसायची. आता ते आमच्या हॉलमध्ये आहे पण त्यावर तपकिरी ठिपके आलेत आणि काचेला आतून चिकटल्यासारखं वाटतं. मूळ आहे की प्रिंट हे कसं कळणार, आणि ठिपके मी पुसू का?

उत्तर: पुसू नका, ओलं फडकं तर अजिबात नको. बाई, हा प्रश्न आपल्या गोव्यातल्या प्रत्येक घराचा आहे म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मूळ की प्रिंट ते आधी. लोटलीच्या मारिओंचं काम इतकं आवडतं झालं की त्यांच्या चित्रांच्या प्रिंट्स घरोघरी आहेत, आणि त्यात वाईट काही नाही, तुमच्या वडिलांनी प्रेमाने ठेवलं ते प्रेम प्रिंट निघाली म्हणून कमी होत नाही. तरी बघायचंच असेल तर वरती सांगितलं तेच, भिंग आणि तिरका उजेड. छापील सही आणि हाताची सही यांतही फरक कळतो, हाताच्या सहीत शाई कुठे दाट कुठे फिकी असते. मित्राने कधी, कुठून आणलं, सोबत चिठ्ठी होती का, हे घरातल्या मोठ्यांना आत्ताच विचारून लिहून ठेवा, दहा वर्षांनी सांगायला कोणी नसतं.

ठिपके ओलाव्यामुळे येतात, कागदातल्या बुरशीने आणि कागदातल्याच अशुद्ध पदार्थांमुळे. कागदाला हवेतला ओलावा ५० टक्क्यांच्या आसपास बरा, आणि आपल्याकडे जुलैत तो ९० च्या घरात जातो, भिजलेले टॉवेल चार दिवस वाळत नाहीत तिथे कागद काय करणार. त्यात आपल्या चिऱ्याच्या भिंती, बाहेरची भिंत पावसाळाभर पाणी पिऊन बसलेली असते आणि आपण फ्रेम लावतो नेमकी त्याच भिंतीला कारण तिथे खिळा आहे. चित्र आतल्या भिंतीवर न्या, जिच्या दोन्ही बाजूंना खोल्या आहेत. फ्रेमच्या मागे चारी कोपऱ्यांत बुचाचे तुकडे चिकटवा म्हणजे मागून हवा खेळेल. खिडकीचं ऊन थेट येत असेल तर तेही थांबवा, उन्हाने स्केचपेनची आणि मार्करची शाई तर झपाट्याने उडते, कागदही पिवळा पडतो.

काचेला चिकटलंय म्हणता ते फार जपून. स्वतः ओढू नका, त्याच काचेबरोबर शाईचा थर निघून येतो. कॉन्झर्व्हेटरकडेच द्या, म्हणजे जुने कागद आणि चित्रं जतन करणाऱ्या जाणकाराकडे, इनटॅक या वारसा जपणाऱ्या संस्थेची संवर्धन केंद्रं देशात आहेत, मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तू संग्रहालयातही संवर्धनाचा विभाग आहे, फोन करून विचारा, नेता येत नसेल तर निदान फोटो दाखवून सल्ला तरी मिळेल. परत फ्रेम करताना फ्रेमवाल्याला ठणकावून सांगायचं की ॲसिड-फ्री माउंट घाल, काच आणि चित्र यांच्यात फट ठेव, मागे साधा पुठ्ठा नको. तो म्हणेल काय फरक पडतो. पडतो. साध्या पुठ्ठ्यातलं ॲसिड हळूहळू चित्रात उतरतं.

आणि लॅमिनेशन कुणी सुचवलं तर हात जोडा. एका ओळखीच्या घरी आजोबांनी काढलेली रामायणाची चित्रं "टिकावी म्हणून" लॅमिनेट करून आणली, प्लॅस्टिक कागदाला कायमचं वितळून बसलं, आता ते काढणं जवळपास अशक्य. सेलोटेपही तसाच, मी शाळेत असताना फाटलेला चांदोबा सेलोटेपने जोडला होता, विक्रम-वेताळाचं शंकर यांनी काढलेलं चित्र होतं त्यावर, झाडावरून प्रेत खांद्यावर घेतलेला राजा, आज टेप गळून पडलीय आणि राजाच्या छातीवरून एक तपकिरी पट्टा गेलाय तो तसाच. टेप सुटते, डाग सुटत नाही.

प्रश्न: मी डिचोलीचा, १९ वर्षांचा, कॉलेजला आहे. महिन्याला दोन-तीनशे रुपये बाजूला पडतात. मूळ चित्रं जमवायला सुरुवात करता येईल का? आणि घेतलेल्या चित्राचे टीशर्ट छापून विकले तर चालेल का?

उत्तर: टीशर्टचं आधी, नाही चालणार. चित्राचा कागद तुझा, कॉपीराइट तुझा होत नाही, तो चित्रकाराचा किंवा प्रकाशकाचा राहतो आणि लेखी करून दिल्याशिवाय हलत नाही. चित्रकाराच्या हयातीत आणि त्याच्या पश्चात ६० वर्षं. आपल्या १९५७ च्या कायद्यात ५३अ कलम आहे, मूळ चित्र पुढे दहा हजारांवर विकलं गेलं तर चित्रकाराला किंवा त्याच्या वारसांना त्यात वाटा मागायचा हक्क आहे, अर्थात त्या चित्राचा पहिला कॉपीराइट त्याचा स्वतःचा असेल तर. हे फार थोड्या लोकांना माहीत असतं, तू लक्षात ठेव, उद्या तू विकणारा झालास तर त्या म्हाताऱ्या चित्रकाराच्या घरी फोन करशील.

आणि सुरुवात करता येते रे, का नाही येणार. मोठ्या आकड्यांकडे बघू नकोस, २०२१ मध्ये बेल्जियन चित्रकार हर्जे यांचं टिनटिन या कॉमिकसाठी काढलेलं एक चित्र पॅरिसमध्ये तीस लाख युरोंच्या वर गेलं, त्याचा तुझ्या दोनशे रुपयांशी संबंध नाही. मराठी दिवाळी अंकांत दरवर्षी इतकी व्यंगचित्रं छापून येतात, त्यातली बरीच आजही कागदावर काढली जातात आणि छापून झाल्यावर चित्रकाराच्या कपाटात पडून राहतात. तुला लहानपणी कुणाचं चित्र आवडायचं, ते नाव शोध, अंकाच्या संपादकांमार्फत पत्र पाठव, कुठलं चित्र, कुठल्या साली, तुला त्यात काय दिसलं ते लिही. फुकट मागू नकोस. किंमत ते सांगतील, परवडली नाही तर तसं सांग, हप्त्याने देता येईल का विचार. साधी पावती घे आणि मागे पेन्सिलीने, मऊ पेन्सिलीने, पेनाने नाही, त्यांच्याच हातून लिहून घे, कुठल्या अंकासाठी, कुठल्या वर्षी, कशाने काढलं. प्लॅस्टिकचं फाईल कव्हर घेशील तर पॉलिएस्टरचं घे, स्टेशनरीतलं ते वास येणारं पीव्हीसी नको, शाई त्याला चिकटते. पावसाळ्यात आत सिलिका जेलची पाकिटं ठेव आणि दर पंधरा दिवसांनी उघडून बघ, कसर लागली असेल तर आधी तिथेच दिसते.