ड्रोन, रडार, जीपीएस असलेल्या खाणीशेजारी पावसाळ्यात कितपत निर्धास्त राहावं?

तुम्ही विचारलंय की गोव्यातल्या डिचोलीत घराजवळची लोहखनिजाची खाण पुन्हा सुरू होतेय, गावच्या बैठकीत कंपनीने ड्रोन सर्वेक्षण, रडार आणि ट्रकांवरचं जीपीएस दाखवलं, तर आता डंप, म्हणजे खाणीतल्या टाकाऊ मातीचा ढीग, खाली येण्याची भीती संपली का, आणि संपली नसेल तर त्यांना नेमकं काय विचारायचं.

भीती संपलेली नाही. ही यंत्रं हालचाल मोजतात, माती धरून ठेवत नाहीत. अमेरिकेतल्या युटामध्ये बिंगहॅम कॅनियन खाणीत 10 एप्रिल 2013 रोजी प्रचंड दरड कोसळली. हालचाल आधीच मोजली जात होती म्हणून माणसं वेळेत बाहेर काढली गेली आणि कोणालाही इजा झाली नाही. दरड मात्र कोसळलीच. शिवाय तिथे खाली रिकामा पिट, म्हणजे खाणीचा खड्डा, होता. आपल्याकडे डंपच्या पायथ्याशी शेत असतं, व्हाळ म्हणजे ओढा असतो, कुठे घरंही असतात. म्हणून गोव्यात पहिला प्रश्न पाण्याचा विचारावा, यंत्रांचा नंतर.

आपली जमीन कशी आहे ते आधी पाहू. वर चिऱ्याचा थर असतो. त्याखाली चिकणमाती आणि फिलाइट हा पापुद्र्यांचा खडक, आणि खोलवर भुसभुशीत, पावडरसारखं खनिज. पाणी दोन ठिकाणी साठतं. वरच्या चिऱ्यातलं पाणी विहिरींना आणि झऱ्यांना मिळतं, तर खालच्या खनिजातलं पाणी मधल्या चिकणमातीमुळे दाबाखाली असतं. खनिज मऊ असल्यामुळे बऱ्याच ठिकाणी स्फोट न करता रिपर (जमीन उकरणारा दात) आणि एक्स्कॅव्हेटरने काम भागतं. पण तोच मऊपणा पाणी मुरल्यावर पिटच्या भिंतीचा आधार काढून घेतो.

मेटॅलिफेरस माइन्स रेग्युलेशन्स, 1961 मधला 106 वा नियम म्हणूनच जमिनीप्रमाणे बदलतो. माती-मुरुमात खाणीच्या भिंतीचा उतार 45 अंशांपेक्षा तीव्र नको, नाहीतर पायऱ्या 1.5 मीटरपेक्षा उंच नकोत. कठीण, घट्ट जमिनीत पायरीची उंची 6 मीटरपर्यंत चालते. माती-मुरुमात पायरीची रुंदी उंचीपेक्षा कमी चालत नाही. मोठी यंत्रं लावून यापेक्षा उंच पायऱ्या ठेवायच्या तर खाण सुरक्षा महासंचालनालयाची म्हणजे डीजीएमएसची परवानगी लागते, आणि ती अटींसह येते. त्या अटी मागून वाचा.

आता पाण्याचा हिशोब. समजा पिट आणि त्यात उतरणारं आजूबाजूचं क्षेत्र मिळून 40 हेक्टर आहे आणि एका दिवसात 200 मि.मी. पाऊस पडला. सगळं पाणी आत आलं तर ते 80,000 घनमीटर होतं. तासाला 1,000 घनमीटर उपसणारा एक पंप अखंड चालला तरी 80 तास लागतील. 60 मीटर उंचीवर हे पाणी चढवायला साधारण 230 किलोवॅटची मोटर लागते, म्हणजे तीनशे अश्वशक्तीच्या वर. ज्या रात्री सर्वांत जास्त पाऊस असतो त्याच रात्री वीज जाण्याची शक्यताही जास्त, म्हणून एवढा भार पेलणारा जनरेटर आणि किमान एक जादा पंप जागेवर तयार हवा. यातला सर्वांत स्वस्त भाग म्हणजे पिटच्या कडेबाहेर चहूबाजूंनी काढलेला चर, म्हणजे गारलँड ड्रेन. त्याने बाहेरचं पाणी आत येण्याआधीच वळवलं तर पंपांचं निम्मं काम वाचू शकतं. तो मे महिन्यात गाळ काढून, वळणांवर चिरा लावून तयार असायला हवा. जूनमध्ये चिखलात एक्स्कॅव्हेटर उतरवून खणलेला ड्रेन पहिल्याच जोरदार सरीत ढासळतो.

तुमच्या खाणीबाबत मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. गोव्यात 2012 मध्ये खाणी थांबल्या, काही काळ सुरू झाल्या आणि मार्च 2018 पासून पुन्हा बंद झाल्या. त्या काळात अनेक पिटांमध्ये पाणी भरलं. असा पिट पुन्हा सुरू करायचा तर पाणी उपसावं लागतं, आणि धोका नेमका त्या उपशाच्या वेगात आहे. वर्षानुवर्षं भिजलेल्या भिंतीला पिटमध्ये साठलेल्या पाण्याचा आधार मिळत असतो. पातळी भराभर उतरवली की तो आधार जातो, पण मातीच्या आतलं पाणी तेवढ्या वेगाने निथळत नाही. आतून दाब तसाच राहतो आणि भिंत पिटात सरकते. त्यामुळे उपसा टप्प्याटप्प्याने हवा, भिंतीमागे पिझोमीटर, म्हणजे जमिनीतल्या पाण्याची पातळी दाखवणाऱ्या नळ्या, बसवलेले हवेत, आणि त्यांतली पातळी पिटमधल्या पातळीच्या मागोमाग उतरत नसेल तर पंप थांबवायला हवा. कंपनीला विचारा: पिझोमीटर किती आहेत, कुठे आहेत, उपसा थांबवण्याची मर्यादा कोणती आणि तो निर्णय कोण घेतो? याचं उत्तर कागदावर नसेल तर ड्रोनचे सुंदर नकाशे फारसे कामाचे नाहीत.

उपसलेलं पाणी कुठे सोडणार हेही तेवढंच महत्त्वाचं. ते लालभडक गढूळ असतं. थेट व्हाळात सोडलं तर तो गाळ भातशेतीत आणि कुळागरात, म्हणजे बागायतीत, बसतो. एकामागून एक अशा सेटलिंग पाँडमधूनच, म्हणजे गाळ खाली बसवणाऱ्या तळ्यांमधूनच, ते जायला हवं, आणि ते पाँड पावसाळ्यापूर्वी रिकामे केलेले हवेत. गाळाने अर्धा भरलेल्या पाँडमध्ये पाणी थांबतच नाही.

डंपकडे वळतो. एका थराची उंची 10 मीटरच्या आत, दोन थरांमध्ये आतल्या बाजूला किंचित उतरती बर्म म्हणजे सपाट पट्टी, आणि एकूण उतार 28 अंशांच्या आसपास, असा आकार असावा. पर्यावरण मंजुरीच्या अटींत हा 28 अंशांचा आकडा वारंवार दिसतो. पण बाहेरचा आकार बरोबर असूनही डंप घसरतो, कारण दोष तळाशी असतो: वरची माती न काढता, ओलसर चिकणमातीवर किंवा जुन्या ओहोळाच्या वाटेवर डंप रचलेला असतो. दुसरं कारण गोव्यात विशेष पाहण्यासारखं आहे. एकेकाळी टाकाऊ समजून रचलेल्या कमी प्रतीच्या खनिजाला नंतर बाजार मिळाला आणि जुने डंप उचलले जाऊ लागले. ते वरून खाली थराथराने उचलायचे असतात. पायथ्याशी एक्स्कॅव्हेटर लावून भरायला सुरुवात केली की वरचा सगळा भार निराधार होतो. असं दिसलं तर त्याच दिवशी लेखी तक्रार करा, पावसाची वाट पाहू नका. पायथ्याला चिऱ्याची किंवा गॅबियनची (जाळीत भरलेल्या दगडांची) टो वॉल, म्हणजे आधाराची भिंत, असेल तर तिच्यातून पाणी निथळायला वाट ठेवली आहे का तेही बघा. पाणी अडवणारी भिंत डंपला उलट भिजवत ठेवते.

रडार मिलिमीटरहून कमी सरकणंही टिपतं, पण ते उघड्या पृष्ठभागावर. आपल्याकडे जुलैपर्यंत उतारावर गवत उगवतं, आणि हलणारं ओलं गवत रडारला गोंधळात टाकतं. मुसळधार पावसातही नोंदी बिघडतात. ड्रोन पावसात उडवता येत नाही, आणि त्याच्या फोटोंवरून आकार व घनफळ कळतं, मातीची ताकद नाही. खनिज संवर्धन आणि विकास नियमांच्या 2021 च्या दुरुस्तीपासून वर्षाला 10 लाख टन किंवा त्याहून जास्त उत्खननाची योजना असलेल्या, किंवा 50 हेक्टर आणि त्यावरच्या खाणींना दरवर्षी ड्रोन सर्वेक्षण द्यावंच लागतं, हद्दीबाहेरच्या 100 मीटर पट्ट्यासह. म्हणजे ड्रोन ही कायद्याची किमान अट आहे, खास सोय म्हणून ती मांडायची गरज नाही. मी असतो तर मेअखेरचं आणि ऑक्टोबरचं अशी दोन सर्वेक्षणं मागितली असती, म्हणजे पावसाळ्यात डंप कुठे बसला आणि कुठे फुगला हे फरकावरून दिसतं.

माझा भरवसा डंपच्या माथ्यावरच्या भेगेवर जास्त आहे. भेगेच्या दोन्ही बाजूंना लोखंडी खुंट्या ठोकायच्या आणि रोज ठरावीक वेळी अंतर मोजायचं. समजा रोजची वाढ 2, मग 2.5, मग 3.3, मग 5 मि.मी. झाली. प्रत्येक आकड्याने एकला भागा: 0.5, 0.4, 0.3, 0.2. आलेखावर या आकड्यांची रेषा आणखी दोन दिवसांत शून्यावर येते, आणि दरड पडण्याची शक्यता साधारण त्याच सुमाराला असते. अचूक दिवस यातून मिळत नाही, पण खालची माणसं हलवायला वेळ मिळतो. भेग दिसताच ती चिकणमातीने बुजवायची आणि पाणी वळवायचं, नाहीतर पाऊस थेट घसरणीच्या पातळीपर्यंत पोचतो.

ट्रकांच्या जीपीएसबद्दल थोडक्यात: त्याने कोणता ट्रक कुठे गेला आणि किती वेगाने गेला ते कळतं, पण गावच्या अरुंद रस्त्यावर शाळेच्या वेळेत वाहतूक बंद ठेवण्याचा निर्णय माणसांनीच घ्यायचा असतो. आत, खाणीच्या रस्त्यावर, कडेचा मातीचा बांध सर्वांत मोठ्या वाहनाच्या चाकाच्या व्यासाएवढा उंच आहे का आणि चढ 16 मीटरला 1 मीटरच्या आसपास आहे का, एवढं पाहिलं तरी बरंच कळतं.

कागद मागताना मंजूर खाण आराखडा, त्यातले पावसाळ्यापूर्वीचे आडवे छेद, डीजीएमएसची परवानगी आणि पर्यावरण मंजुरीचा सहामाही अनुपालन अहवाल मागा. हा अहवाल 1 जून आणि 1 डिसेंबरला द्यायचा असतो. कंपनीने दिले नाहीत तर माहिती अधिकारात अर्ज करा. आणि एक गोष्ट लेखी घ्याच: उद्या कोणत्याही कारणाने खाण पुन्हा बंद पडली तर पंप कोण चालवणार, डिझेलचा खर्च कोणाचा, आणि गारलँड ड्रेन मे महिन्यात कोण साफ करणार.