सही करून सहा दिवस झालेत, म्हणजे अजून चार आहेत

प्रश्न : मॉलमध्ये लकी ड्रॉचं कूपन भरलं होतं. 'बक्षीस लागलंय, नवरा-बायको दोघांनी यावं लागेल' असा फोन आला. हॉटेलात तीन तास बसवलं आणि शेवटी आम्ही २५ वर्षांच्या हॉलिडे मेंबरशिपवर सही करून बाहेर पडलो. वर्षाला सात रात्री, किंमत ४,५०,००० रुपये. त्यातले ६७,५०० कार्डाने भरले, बाकीचे ३६ हप्त्यांत. शिवाय देखभाल शुल्क वर्षाला १८,००० अधिक जीएसटी. आता मिस्टरांचे एक सहकारी म्हणतात, त्यांच्याकडे अशीच मेंबरशिप आहे, ते त्यांचा आठवडा आम्हाला ३५,००० ला देतील. विकत घेतलेलं परवडतं की भाड्याने? आणि मागे फिरता येईल का? सही करून सहा दिवस झाले. सेल्समन म्हणाला होता, नको वाटली तर कधीही विका, गिऱ्हाईक आम्हीच आणून देऊ.

उत्तर : ताई, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, पहिल्याला घाई नाही. (तुम्हाला ते त्याच दिवशी ईमेलने कळवलं आहे. इथे लिहितोय ते असा फोन ज्यांना उद्या येणार आहे त्यांच्यासाठी.)

तुम्ही पाठवलेल्या फोटोंत पान ११ वर, बारीक टायपात, कलम १४ आहे : 'सहीच्या तारखेपासून दहा दिवसांच्या आत सदस्याने लेखी कळवल्यास प्रशासकीय शुल्क वजा जाता रक्कम परत केली जाईल.' हे कलम तुमच्या करारात आहे हे नशीब समजा. विमा पॉलिसीला ३० दिवसांचा फ्री-लुक, म्हणजे नको वाटली तर परत करायची मुदत, नियमानेच मिळतो. युरोपीय संघात २००८ च्या निर्देशामुळे टाइमशेअर (म्हणजे तुमच्यासारखी हॉलिडे मेंबरशिप) घेणाऱ्याला १४ दिवस विनाकारण माघार घेता येते. आपल्याकडे टाइमशेअरसाठी स्वतंत्र कायदाच नाही, त्यामुळे करारात जे छापलंय तेवढाच फेरविचाराचा हक्क.

कलमात 'लेखी' म्हटलंय, म्हणजे सेल्समनला केलेला फोन शून्य. तो 'मॅडम, सोमवारी मॅनेजरशी बोलून देतो' म्हणेल, आणि सोमवारी अकरावा दिवस असेल. आजच करारातल्या ईमेल पत्त्यावर दोन ओळी पाठवा : सदस्यत्व क्रमांक अमुक, कलम १४ प्रमाणे आम्ही करार रद्द करत आहोत, ६७,५०० रुपये परत करावेत. कारण लिहू नका. कारण दिलं की 'तुमची अडचण आम्ही सोडवतो' असे फोन सुरू होतात. करारावर दोघांच्या सह्या आहेत, तेव्हा पत्रावरही दोघांच्या हव्यात. त्याचीच प्रत स्पीड पोस्टाने, पोचपावतीसह. सहीचा दिवस मोजायचा की नाही, पत्र पाठवल्याची तारीख धरायची की पोचल्याची, यावर वकील तासभर भांडू शकतात. तुम्ही ती वेळच येऊ देऊ नका.

हप्त्यांचं मात्र जपून. हप्ते थेट कंपनीला जातात की मधे एखादी फायनान्स कंपनी आहे, ते पाहा. कर्ज असेल तर त्या कंपनीला वेगळं पत्र लागेल, कारण मेंबरशिप रद्द झाली म्हणून कर्ज आपोआप मिटत नाही. आणि रागाच्या भरात खात्यातले पैसे काढून हप्ता बाउन्स करू नका. चेक असेल तर निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याचं कलम १३८, ऑटो-डेबिट असेल तर २००७ च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्याचं कलम २५, दोन्हींत फौजदारी तक्रार होऊ शकते. आधी रद्द केल्याचं पत्र, मग त्याची प्रत जोडून बँकेत मँडेट (हप्ता आपोआप कापायची परवानगी) थांबवण्याचा अर्ज, हाच क्रम ठेवा.

आता हिशोब. सेल्समनने तुम्हाला साडेचार लाखांना २५ ने भागून '१८,००० त वर्षाची सुट्टी' दाखवली असणार. त्यात देखभाल शुल्क १८,००० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी मिळवा, म्हणजे २१,२४०. झाले ३९,२४०, रात्रीला साधारण ५,६००. सहकाऱ्यांचा आठवडा रात्रीला ५,००० ला पडतो. फरक फार नाही असं वाटेल. पण साडेचार लाख ७ टक्क्यांच्या ठेवीत असते तर वर्षाला ३१,५०० व्याज आलं असतं आणि मुद्दल शाबूत राहिलं असतं. वर्षाच्या १८,००० ऐवजी ते व्याज धरलं तर तुमची एक रात्र साडेसात हजारांच्या वर जाते. हप्त्यांवरचं व्याज मी अजून मोजलेलंच नाही.

आकड्यांपेक्षा मला कलम ९ जास्त खुपतं : देखभाल शुल्क 'कंपनी वेळोवेळी ठरवेल'. वाढीला कमाल मर्यादा नाही. दरवर्षी सहा टक्के वाढलं तरी बारा वर्षांत ते दुप्पट होतं, आणि एखाद्या वर्षी घरात आजारपण निघालं, कुठेच गेला नाहीत, तरी भरावंच लागतं. न भरल्यास बुकिंग बंद. भाड्याच्या आठवड्याचं देणं तुम्ही खोली सोडलीत की संपतं. आणि 'विकत घेतलं' म्हणतो, पण घेतलं काय? जागा नाही. तुमचं नाव कुठल्या इंडेक्स टू वर (मालमत्तेच्या नोंदणीच्या उताऱ्यावर) चढत नाही, त्यावर कर्ज मिळत नाही. मिळतो तो राहण्याचा परवाना, तोही खोली रिकामी असेल तर. दरवर्षी ठरलेल्या वेळी जाणारं, महिनोन्महिने आधी बुकिंग करणारं कुटुंब असेल तर मेंबरशिप वसूल होते, अशी माणसं मी पाहिली आहेत. तुमच्या दोघांच्याही रजा आयत्या वेळी मंजूर होतात, असं तुम्हीच लिहिलंय.

समजा दहा दिवस हुकलेच. मग 'कधीही विका'चा प्रश्न येतो. पान ३ वर तुमची सही असलेलं निवेदन आहे : 'मला कोणतेही तोंडी आश्वासन दिलेले नाही.' कंपनीचा वकील पहिल्यांदा तेच पान उघडेल. तरी खोटं सांगून सही घेतली असेल तर १८७२ च्या करार कायद्याच्या कलम १९ खाली करार रद्द ठरवून मागता येतो, आणि फसवणूक सिद्ध करायला तोंडी पुरावा चालतो. म्हणून त्या सेल्समनचे व्हॉट्सअॅप मेसेज पुसू नका, फोनही बदलू नका. जिल्हा ग्राहक आयोगात तुम्ही राहता तिथेच तक्रार करता येते. भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, मुदत दोन वर्षं. करारात लवाद आणि दुसऱ्या शहरातलं न्यायालय लिहिलंय म्हणून घाबरू नका : लवादाचं कलम असलं तरी ग्राहक आयोगाचं दार बंद होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये एम्मार एमजीएफ विरुद्ध आफताब सिंग प्रकरणात मान्य केलं आहे. करारच अन्यायकारक आहे असं म्हणायचं असेल तर मात्र जिल्हा नाही, राज्य आयोग. इथे बरेच जण चुकीच्या दारात जाऊन बसतात. त्याआधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर तक्रार नोंदवून पाहा, काही कंपन्या तेवढ्यानेही नरमतात.

राहिला सहकाऱ्यांचा आठवडा. पैसे देण्याआधी त्यांचा करार मागून घ्या, कारण अशा बऱ्याच करारांत पाहुणा पाठवायला परवानगी असते, भाड्याने द्यायला नसते. रिसॉर्टवर अडवलं तर तुमचा कंपनीशी करारच नाही, भांडायचं ते सहकाऱ्यांशी, आणि ऑफिसात रोज तोंड दिसणार. बुकिंगची पावती तुमच्या दोघांच्या नावाने निघू द्या, रिसॉर्टला स्वतः फोन करून ती खरी असल्याचं विचारा, देखभाल शुल्काची थकबाकी नाही ना तेही विचारा. अर्धे पैसे पावती हातात आल्यावर, अर्धे खोलीची किल्ली मिळाल्यावर.