सायनस लिफ्ट कमी चिरफाडीची असली, म्हणजे ती छोटी झाली का?

आपण विचारले आहे की, वरच्या दाढेच्या जागी इम्प्लांट (हाडात रोवायचे दाढेचे कृत्रिम मूळ) बसवण्याइतके हाड नसल्यामुळे डॉक्टरांनी कमी चिरफाडीची सायनस लिफ्ट, म्हणजे दाढांच्या वरच्या पोकळीच्या तळाचा पडदा उचलून त्याखाली हाड वाढवण्याची शस्त्रक्रिया, सुचवली आहे, तर ती सुरक्षित असते का, दुखते का आणि कामावर किती दिवसांनी जाता येते. बैठे काम असेल तर तीन-चार दिवस पुरतात आणि भूल दिलेली असल्यामुळे शस्त्रक्रिया चालू असताना दुखत नाही. सुरक्षिततेबद्दल मात्र एका ओळीत सांगता येणार नाही, कारण याच शस्त्रक्रियेवरून आमच्या घरात दोन वर्षे वाद चालू आहे.

मी रत्नागिरीजवळच्या एका गावात राहतो. माध्यमिक शाळेतून निवृत्त झाल्यापासून घरची हापूसची कलमे पाहतो. बारा वर्षांपूर्वी माझी उजवीकडची वरची दाढ काढावी लागली, तेव्हा आमचे थोरले बंधू, म्हणजे दादा, म्हणाले होते, "एकतीस आहेत ना शिल्लक? एका दाढेवाचून काय अडते?" मी त्यांचे ऐकले आणि तिथेच फसलो. दाढ गेली की तिला धरून ठेवणारे हाड बिनकामाचे होऊन झिजू लागते. वरच्या जबड्यात तर त्या हाडाच्या डोक्यावर सायनसची पोकळी असते आणि तीही हळूहळू खाली उतरते. खाडीचा बांध एका अंगाने भरतीने खावा आणि दुसऱ्या अंगाने खेकड्यांनी पोखरावा, तसे ते हाड दोन्हीकडून जाते.

ज्या दवाखान्यात मी प्रथम गेलो, तिथे साधी ओपीजी फिल्म, म्हणजे सगळ्या जबड्याचा सपाट एक्स-रे, पाहून मला सांगण्यात आले, "काका, टाका नाही, सूज नाही, एका बैठकीत काम." हाड किती उरले आहे असे विचारले, तर "पुरेसे आहे." हाड वाढावे म्हणून पडद्याखाली कोणती पूड भरणार असे विचारले, तर "इम्पोर्टेड आहे." पस्तीस वर्षे उत्तरपत्रिका तपासलेल्या माणसाला अशी उत्तरे ऐकून काय वाटते, ते सांगायला नको. मी आंबा घाट चढून कोल्हापूर गाठले.

तिथल्या डॉक्टरांनी सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा त्रिमितीय स्कॅन, काढून माझ्यासमोर पडद्यावर मोजले. हाड सहा मिलिमीटर भरले. या विषयात निर्णय करतो तो हा आकडा. पाच-सहा मिलिमीटर हाड असेल, तर दाढेच्याच जागेतून वर जाऊन सायनसचा पडदा उचलता येतो. १९९४ मध्ये समर्स यांनी मांडलेली ऑस्टिओटोमची, म्हणजे हाड ठोकून वर सारणाऱ्या सळईची, पद्धत ती हीच, आणि आज कमी चिरफाडीच्या म्हणून सांगितल्या जाणाऱ्या बहुतेक पद्धती याच वाटेने जातात. हाड चार मिलिमीटरहून कमी असेल, तर सहसा गालाच्या बाजूने हाडाला खिडकी पाडावी लागते, जी पद्धत बॉइन आणि जेम्स यांनी १९८० मध्ये प्रसिद्ध केली, आणि मग इम्प्लांटसाठी पुष्कळदा सहा महिने थांबावे लागते. खिडकीतून डॉक्टरांना पडदा डोळ्यांनी दिसतो, खालून जाताना मात्र तो हाताच्या अंदाजाने उचलावा लागतो. आणि तो पडदा असतो एक मिलिमीटरहूनही पातळ, फणसाच्या आठळीवरच्या पापुद्र्यासारखा. तो फाटणे हाच या शस्त्रक्रियेतला सर्वांत नेहमीचा अपघात आहे. हाड कमी असताना केवळ छेद लहान म्हणून खालची वाट धरणे, याला मी तरी सुरक्षित म्हणणार नाही.

माझी शस्त्रक्रिया खालूनच झाली. गोल टोकाची सळई दाढेच्या जागी धरून डॉक्टर तिच्यावर हलक्या हातोडीने ठोके देत होते. दुखत नव्हते, पण शेजारच्या खोलीत कोणी खुंटी ठोकत असावे आणि ती खोली म्हणजे आपलेच डोके असावे, असे वाटत होते. दुसऱ्या दिवशी पहाटे कुशीवर वळलो आणि आढे गरगर फिरू लागले. घर फिरले की घराचे वासेही फिरतात, ही म्हण मी मुलांना जन्मभर शिकवली होती. त्या पहाटे ती पाठीवर पडून पाहिली. ठोक्यांमुळे आतल्या कानातले बारीक कण क्वचित जागा सोडतात, त्याने अशी चक्कर येते. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी डोके ठरावीक क्रमाने वळवून दोन बैठकींत ती थांबवली. आता ठोक्यांऐवजी हाड बाजूला दाबत जाणारी फिरती बर (ड्रिलचे टोक) किंवा पाण्याचा दाब वापरूनही पडदा उचलतात. आपले डॉक्टर काय वापरणार आहेत, ते जरूर विचारा.

पुढचे पंधरा दिवस नाक शिंकरायचे नव्हते आणि शिंक आली तर तोंड उघडे ठेवून द्यायची होती. दिवस मोहोराचे, बागेत फवारणी चाललेली, आणि मी वर्गात शिंक दाबून ठेवायची सवय लागलेला मास्तर. माझ्या शिंका ऐकून दादा म्हणाले, "म्हातारपणी शिंकायला शिकतो आहेस." देवळातल्या आरतीचा शंखही दोन महिने दुसऱ्याकडे दिला.

पुडीचेही बोलायला हवे. सर्रास वापरली जाणारी पूड गुरांच्या हाडांवर प्रक्रिया करून केलेली असते, आणि हे रुग्णाला आधी सांगितलेच पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. मी कॅल्शियम फॉस्फेटची कृत्रिम पूड निवडली. उचल थोडी असेल तर पूड न भरताही चालते, असे डॉक्टरांनी सांगितले होते. पडदा इम्प्लांटच्या टोकावर मांडवासारखा तोलला जातो आणि खाली साकळलेल्या रक्तातून हाड धरते. तरीही मी गाईचे हाड तोंडात बसवून घेतले, असे दादा अजून नातेवाइकांना सांगत असतात.

आधी सांगायला हवे होते ते आता सांगतो. रक्त पातळ करणाऱ्या किंवा हाडे ठिसूळ होऊ नयेत म्हणून दिलेल्या गोळ्या, मधुमेह, जुना सायनसचा त्रास, विडी, तंबाखू, मशेरी यांतले काहीही डॉक्टरांपासून लपवू नका. हाड सहा मिलिमीटर असेल, तर आखूड इम्प्लांटवर भागून लिफ्ट टळेल का, हेही विचारा. मी ते विचारले नव्हते. भूल उतरल्यावर थोडे दुखते आणि गाल सुजतो, त्याने घाबरू नये. मात्र चूळ भरताना पाणी नाकात उतरू लागले किंवा नाकातून दुर्गंधी येऊ लागली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

दादांची डावीकडची वरची दाढ गेल्या मे महिन्यात काढली. आमच्या पडवीत बसून ते भाजलेले काजू उजव्या बाजूने चावतात, आणि सीबीसीटीचा विषय निघाला की उठून गोठ्याकडे जातात.