वाचकांचे प्रश्न : तीन वर्षांच्या मुलीला हुद्दा नसतो

प्रश्न : माझे पती सैन्यात आहेत आणि गेली दोन वर्षे आम्ही लष्करी तळावरील वसाहतीत राहतो. मुलगी साडेतीन वर्षांची आहे, मुलगा अकरा महिन्यांचा. येथील राहणे सुरक्षित आणि शिस्तशीर आहे हे मान्य आहे; पण मुलाला दुपारी कसेबसे निजवावे तर गोळीबाराच्या मैदानावर सराव सुरू होतो, आणि फाटकावर ओळखपत्रे तपासली जात असताना दोन्ही मुले गाडीत रडत असतात व मागे वाहनांची रांग लागलेली असते. आमच्या भिंतीला लागून पतींच्या वरिष्ठांचे घर आहे. मुलगी हट्टाने किंचाळू लागली की मी तिला समजावण्याऐवजी तिच्या तोंडावर हात ठेवायला धावते. गेल्या महिन्यात पती पाच महिन्यांनी परतले, तर धाकटा त्यांच्याकडे जाईना आणि मोठी दोन दिवस त्यांच्याकडे पाठ करून बसली. "आता ते आले, सगळे सुरळीत झाले असेल," असे जो तो म्हणतो. तसे झालेले नाही. तक्रार तरी कोणाकडे करावी? येथील इतर बायका माझ्याहून अधिक सोसत आहेत. माझे कोठे चुकते आहे?

उत्तर : आपल्या पत्राच्या शेवटी आलेली गोष्ट, म्हणजे मुलांनी वडिलांकडे फिरवलेली पाठ, मी प्रथम घेते, कारण घरातील सर्वांना तीच अधिक लागली असावी. आपले पती गेले तेव्हा मुलगा जेमतेम पाच महिन्यांचा होता. त्या वयाचे मूल बहुधा कोणाच्याही कडेवर जाते. अनोळखी माणसाची भीती आणि आई नजरेआड झाली की उडणारी घालमेल या दोन्ही गोष्टी साधारण आठव्या महिन्याच्या सुमारास ठळक होऊ लागतात, आणि नेमका तोच काळ वडिलांच्या अनुपस्थितीत गेला. म्हणजे मुलाने वडिलांना नाकारले असे झाले नसून, ओळखीचे कोण आणि परके कोण हे कळू लागल्यावर तो त्यांना प्रथमच भेटला. त्याने रडून दाखवलेला विरोध हा त्याच्या वाढीचाच भाग आहे.

मुलीची गोष्ट वेगळी आहे. तिला वडील आठवत होते. ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ जॉन बोल्बी आणि त्यांचे सहकारी जेम्स रॉबर्टसन यांनी आईपासून दूर, रुग्णालयात किंवा संगोपनगृहात राहावे लागलेल्या लहान मुलांचा अभ्यास करून 1952 साली असे नोंदवले की, अशी मुले आधी आकांत करतात, मग खिन्न होतात आणि पुढे अलिप्त होतात. ज्या माणसासाठी ती रडली तेच परत आले की काही काळ त्याच्याकडे पाहतही नाहीत. (बोल्बी स्वतः दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सैन्यात मानसोपचारतज्ज्ञ होते, हे येथे सहज आठवले.) आपल्या मुलीजवळ आपण सतत होतात, त्यामुळे तिचा दुरावा दोन दिवसांत ओसरला असेल तर त्यात नवल नाही. पण ती पाठ फिरवणे म्हणजे "मला तुमची आठवण आली नाही" असे नसून त्याच्या नेमके उलट होते, एवढे पतींना अवश्य सांगावे.

पुढील काही आठवडे त्यांनी मुलाला उचलून घेण्याची घाई न करता आपण खोलीत असताना जमिनीवर बसावे, हातात एखादे खेळणे ठेवावे आणि त्याने जवळ येईपर्यंत थांबावे. रोजचे एखादे ठरलेले काम, उदाहरणार्थ मुलीची आंघोळ किंवा झोपतानाची गोष्ट, पूर्णपणे त्यांच्याकडे सोपवावे आणि ते चुकले तरी आपण मध्ये पडू नये, हे कितीही कठीण वाटले तरी. त्यांनीही पहिल्या महिन्यात घराला नवे नियम लावू नयेत. त्यांच्या मागे या घराची एक घडी बसली आहे, आणि ती आपण एकटीने बसवली आहे.

आता शेजारच्या भिंतीबद्दल. माझ्या मते आपल्या त्रासाचे मूळ येथे आहे. मुलगी किंचाळते तेव्हा आपल्याला तिचा हट्ट ऐकू येत नाही, पतींची पत घसरल्याचा आवाज ऐकू येतो. तळावर घर, नोकरी आणि शेजार एकाच चौकटीत असल्यामुळे मोठ्यांची उतरंड नकळत मुलांनाही लागू होते. परंतु साडेतीन वर्षांच्या मुलीला हुद्दा नसतो, आणि तिने वडिलांच्या हुद्द्याला शोभेल असे वागावे ही अपेक्षा पुरी करण्याइतका स्वतःवरचा ताबा त्या वयात आलेलाच नसतो. तोंडावर हात ठेवणे मात्र आजपासून थांबवावे. त्याने श्वास अडू शकतो, आणि घाबरलेले मूल अधिक मोठ्याने ओरडते. हट्टाच्या भरात समजावणेही वाया जाते. तिला इजा होणार नाही एवढे पाहून जवळ बसावे, कमी बोलावे आणि लाट ओसरल्यावर दोन वाक्यांत काय झाले ते सांगावे. शेजाऱ्यांशी एकदा पतींनीच बोलावे: "मुले लहान आहेत, आवाज होतो, अगदीच असह्य झाल्यास मोकळेपणाने सांगावे." वरिष्ठांच्या घरीही कधीतरी लहान मुले रडली असतीलच. ज्या प्रश्नाची आपण दोन वर्षे धास्ती घेतली तो अशा एका बोलण्याने पुष्कळ हलका होतो.

गोळीबाराचा आवाज आपल्या हातात नाही, पण त्याचे वेळापत्रक बहुधा कोठेतरी लिहिलेले असते. रहिवाशांसाठी ते मिळू शकेल का, हे वसाहतीच्या कार्यालयात विचारावे, आणि सरावाच्या दिवशी दुपारची झोप पुढेमागे करावी. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 च्या मार्गदर्शनानुसार 4 ते 11 महिन्यांच्या बाळाला दिवसरात्र मिळून 12 ते 16 तास आणि 3 ते 4 वर्षांच्या मुलाला 10 ते 13 तास झोप हवी. हा हिशेब चोवीस तासांचा असल्याने दुपारची झोप मोडली तर त्या रात्री मुलाला लवकर निजवावे. गोळा बेरीज सांभाळली की पुष्कळ निभावते. बाहेरचा आवाज झाकण्यासाठी एकसुरी आवाजाचे यंत्र लावणार असाल तर ते पाळण्यापासून निदान 2 मीटर दूर आणि मंद ठेवावे.

फाटकाचे उत्तर मजजवळ नाही. ओळखपत्र हाताशी ठेवावे आणि पहारेकऱ्याने रडणारी मुले पाहिली आहेत हे लक्षात ठेवावे, एवढेच.

इतर बायका अधिक सोसतात म्हणून आपण बोलू नये, हा हिशेब मला पटत नाही. त्यांच्यापैकीच एखादीशी आठवड्यातून दोन तास मुले आलटून पालटून सांभाळण्याचे ठरवता आले तर पाहावे. मात्र उदासपणा, झोप न लागणे किंवा कशातच मन न रमणे दोन आठवड्यांहून अधिक टिकले असेल तर डॉक्टरांकडे जावे. बाळंतपणानंतरचे नैराश्य पहिल्या वर्षात केव्हाही डोके वर काढू शकते आणि त्यावर उपचार आहेत.

प्रश्न : मी गोळीबाराच्या प्रशिक्षणावर असतो. घरी पोहोचताच दोन वर्षांची मुलगी पायांना मिठी मारते. कपड्यांवरील शिसे तिला बाधते असे पत्नीने वाचले आहे आणि ती मला दारातच अडवते. हे अति होत नाही का?

उत्तर : पत्नीचे म्हणणे बरोबर आहे. शिसे असलेल्या काडतुसांतून आणि गोळ्यांतून बारीक शिसेयुक्त धूळ उडते, ती बूट, गणवेश, केस आणि हातांवर बसून घरात येते, आणि जमिनीवर खेळून बोटे तोंडात घालणाऱ्या मुलाच्या पोटात जाते. लहान मुलांच्या शरीरात शिसे मोठ्यांपेक्षा अधिक प्रमाणात शोषले जाते व ते वाढत्या मेंदूला अपाय करते. रक्तातील शिशाचे कोणतेही प्रमाण सुरक्षित म्हणून ज्ञात नाही. मैदानावरच हात व तोंड साबणाने धुवावे, बूट घराबाहेर काढावेत, गणवेश बदलून वेगळा धुवावा, तो झटकू नये, आणि अंघोळ करून मगच मुलीला घ्यावे. बंदिस्त मैदानावर सराव होत असेल तर अधिक काळजी हवी. शंका असल्यास तिच्या रक्ताची तपासणी करून घ्यावी. मिठी दहा मिनिटांनी मिळाली तरी ती तेवढीच घट्ट असते.

प्रश्न : तीन वर्षांत दुसरी बदली आली आहे. चार वर्षांचा मुलगा रोज विचारतो, "आपले घर पण येणार का?" त्याला केव्हा आणि काय सांगावे? आजी-आजोबांना निरोपासाठी बोलवायचे तर प्रवेशपत्र मिळायलाही वेळ लागतो.

उत्तर : तो विचारतोच आहे, म्हणजे त्याला कळले आहे, त्यामुळे लपवण्यात अर्थ नाही. "पुढच्या महिन्यात" हे शब्द त्या वयात फारसे पोहोचत नाहीत, म्हणून कागदावर चौकोन काढून रोज एक रंगवू द्यावा. घर येणार नाही, पण कोणत्या वस्तू येणार ते नावे घेऊन सांगावे. त्याची चादर, खेळणी आणि झोपतानाचे पुस्तक सर्वांत शेवटी भरावे, नव्या घरात सर्वांत आधी काढावे, आणि ती पेटी मालवाहू गाडीत न देता स्वतःजवळ ठेवावी. लसीकरणाची नोंदवही व वैद्यकीय कागदही त्याच पेटीत असू द्यावेत, कारण नव्या ठिकाणी शाळेपासून दवाखान्यापर्यंत ते प्रथम मागितले जातात. जड कपाट भिंतीला पट्टीने बांधण्याची परवानगी घराच्या चाव्या घेतानाच लेखी मागावी. सरकारी भिंतीला भोक पाडण्यावरून नंतर वाद होतात आणि तोवर मूल खणांवर चढू लागलेले असते. आजी-आजोबांच्या प्रवेशपत्राचा अर्ज मात्र आजच द्यावा.