लेअर पोल्ट्रीत फक्त माद्याच का ठेवतात? नर पिल्लांचे काय होते?

नर-मादी हा भेद साऱ्या पोल्ट्रीत नाही, तो मुख्यतः अंड्यांच्या धंद्यात आहे. ब्रॉयलरवाला दोन्ही एकाच शेडमध्ये वाढवतो, सहा आठवड्यांच्या आत सुमारे २ किलोंचा पक्षी गाडीत भरतो, आणि नर वजनाला जास्त भरतो म्हणून त्याला नर हवाच असतो. लेअरची जात मात्र अंड्यांसाठी निवडत निवडत अशी घडवली आहे की मादी वर्षाला ३०० च्या आसपास अंडी देते आणि नराने कितीही खाद्य खाल्ले तरी तो अंगावर फारसे मांस धरत नाही.

त्यामुळे नराचा निकाल पहिल्याच दिवशी लागतो. मी काही वर्षे एका हॅचरीत (अंडी उबवून पिल्ले काढण्याच्या केंद्रात) सेक्सिंगच्या, म्हणजे नर-मादी ओळखून वेगळे करण्याच्या टेबलावर काम केले आहे. अंडी उबवायला ठेवल्यापासून २१ व्या दिवशी पिल्ले मशीनमधून निघाली की एकेक हातात घेऊन पंख अंगठ्याने फाकवायचा. कडेला पिसांच्या दोन ओळी दिसतात. आमच्याकडच्या जातीत खालची ओळ वरचीपेक्षा लांब असली तर मादी, दोन्ही सारख्या असल्या किंवा खालची आखूड असली तर नर. मादीच्या मानेत मॅरेक्स या कोंबड्यांच्या रोगाची लस टोचून तिला खोक्यात बसवत, नराला लसही नसे. परदेशांतल्या अनेक मोठ्या हॅचऱ्यांत नर पिल्ले यंत्रात दळतात किंवा कार्बन डायऑक्साइडने मारतात. आमच्याकडे ती क्रेटमध्ये एकावर एक कोंबली जात आणि गुदमरून मरत. थोडी व्यापारी नेत आणि गुलाबी-हिरवी रंगवून आठवडी बाजारात लहान मुलांसाठी विकत.

या नोकरीवरून आमच्या दाजींनी मला भर पंक्तीत सुनावले होते. ते कोंबडी खात नाहीत, अंडी मात्र रोज खातात, कारण फार्मचे अंडे निर्बीज असते आणि त्यात हत्या नाही, असे त्यांचे म्हणणे. अंडे निर्बीज असते हे खरेच आहे. परंतु ते देणाऱ्या प्रत्येक कोंबडीमागे जवळपास एक नर जन्मलेला असतो आणि तो बहुधा दुसरा दिवस पाहत नाही; ब्रॉयलरच्या वाट्याला निदान काही आठवडे तरी येतात. पिल्ले क्रेटमध्ये टाकणारे हात माझे होते हे मी नाकारत नाही, मात्र त्या हातांची मजुरी अंड्यांच्या पैशांतूनच निघत होती. त्या दिवशी वडीलधाऱ्यांसमोर हे बोलता आले नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितो आहे: हत्या नको म्हणून कोंबडी सोडून अंडी धरणाऱ्याने आपला हिशेब पुन्हा मांडावा.

अर्थात सगळ्यांना एकच माप लावता येणार नाही. वनराज, गिरिराज अशा परसातल्या जातींचे नर वाढवून विकले जातात, आणि लेअरचे नरही स्वस्तात नेऊन पोसणारे काही जण आहेत. जर्मनीने १ जानेवारी २०२२ पासून नर पिल्ले मारण्यावर बंदी घातली असून तिथे आता अंडे उबवणीत असतानाच लिंग ओळखण्याची यंत्रे वापरतात. ही यंत्रे महाग आहेत. आपल्याकडे ती आणायची तर खर्च अंड्याच्या दरावर चढणार, आणि दाजींसारख्या ग्राहकांनी तो कुरकुर न करता द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.